खारा : एक विशेषण, किती चवी!

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं अगदी जवळचं विशेषण आज उलगडू या : 'खारा'.

🔹 मूळ : संस्कृत 'क्षार', प्राकृत 'खार', मराठी 'खारा'.

🔹 छटा : खारे शेंगदाणे आवडीने खातो; भाजी 'खारट' झाली की मीठ जास्त पडलं. धड गोड नाही, धड खारं नाही ते पाणी 'मचूळ'. मीठच नाही ते 'अळणी', म्हणजे मूळचं 'अलवण'.

🔹 खारपाण पट्टा : शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला पाणी असूनही ते पिकाला देववत नाही. तिथे हा एक शब्द अख्खा पीकपेरा ठरवतो.

🔹 लोणार : नावातच 'लवण', सोबत लवणासुराची कथा. उल्कापाताने बसाल्ट खडकात घडलेल्या या सरोवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी. सामू 10च्या आसपास. जून 2020मध्ये खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं होतं.

याच 'लवणा'पासून लोणचं आणि लावण्यही! सौंदर्याला मिठाची उपमा देणारी आपली भाषा किती चवदार आहे.

तुमच्या गावच्या पाण्याला काय म्हणतात? जरूर सांगा.