काके उदोन

काके उदोन हा गरम रश्श्यातील नूडल्सचा एक साधा जपानी पदार्थ आहे. उदोन म्हणजे गव्हाचे पीठ, पाणी आणि मीठ यांपासून केलेल्या जाड, पांढऱ्या नूडल्स. 'काके' हा शब्द 'ओतणे' या अर्थाच्या जपानी क्रियापदावरून आला आहे. शिकोकू बेटावरील कागावा प्रांताचे सानुकी उदोन विशेष प्रसिद्ध आहे.

== दाशी ==
या पदार्थाची चव 'दाशी' नावाच्या अर्कावर अवलंबून असते. कोंबु हे वाळवलेले समुद्रशैवाल आणि कात्सुओबुशी, म्हणजे ट्यूना वर्गातील कात्सुओ माशाचे धुरावून वाळवलेले तुकडे किसून केलेले पातळ पापुद्रे, हे तिचे प्रमुख घटक होत. इ.स. १९०८ मध्ये तोक्यो इंपीरियल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबुमधून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीस 'उमामी' हे नाव दिले. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतील इनोसिनेट हा घटक दाखवून दिला. हे दोन घटक एकत्र आल्यास उमामी चव प्रत्येकाच्या वेगवेगळ्या चवीपेक्षा कितीतरी तीव्र लागते. त्यामुळेच तेल व मसाल्याशिवायही हा रस्सा बेचव लागत नाही.

== साहित्य (दोन व्यक्तींसाठी) ==
* पाणी १ लिटर, कोंबु १० ग्रॅम, कात्सुओबुशी २० ग्रॅम
* सोया सॉस ३ मोठे चमचे, मिरिन २ मोठे चमचे, चवीपुरते मीठ
* सुक्या उदोन नूडल्स २०० ग्रॅम
* बारीक चिरलेला पातीचा कांदा

== कृती ==
# कोंबु अर्धा तास पाण्यात भिजवून मंद आचेवर तापवावे. पाण्याला उकळी फुटण्यापूर्वीच ते बाहेर काढावे. उकळत राहिल्यास रस्सा बुळबुळीत व कडवट होतो.
# पाण्याला उकळी आल्यावर आच बंद करून कात्सुओबुशी घालावी. एक-दोन मिनिटांनी अर्क न पिळता गाळून घ्यावा.
# अर्कात सोया सॉस, मिरिन व मीठ घालून एक उकळी आणावी.
# नूडल्स वेगळ्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवाव्यात. त्यांत मूळचेच मीठ असल्याने या पाण्यात मीठ घालत नाहीत. रश्श्यातच शिजवल्यास पिठातील स्टार्च व मीठ उतरून तो गढूळ आणि खारट होतो.
# शिजलेल्या नूडल्स थंड पाण्यात हलक्या हाताने चोळून धुवाव्यात. त्यामुळे वरचा चिकटपणा जातो व त्या लवचिक राहतात. नंतर क्षणभर गरम पाण्यात बुडवून वाडग्यात घ्याव्यात, वर कडकडीत रस्सा ओतावा व पातीचा कांदा घालावा.

== शाकाहारी पद्धत व दक्षता ==
मांसाचा वा माशाचा तुकडा दिसत नसला, तरी नेहमीची दाशी मासळीपासूनच केलेली असते. त्यामुळे हा पदार्थ दिसण्यावरून शाकाहारी समजू नये. जपानी बौद्ध मठांतील 'शोजिन' पाकपद्धतीत कोंबु आणि वाळवलेले शिताके अळंबे थंड पाण्यात रात्रभर भिजवून दाशी करतात. मिरिन हे तांदळापासून केलेले गोडसर मद्य आहे. ते वर्ज्य असल्यास थोडी साखर घालता येते. ज्यांना ग्लुटेन चालत नाही, त्यांच्यासाठी केवळ नूडल्स बदलणे पुरेसे नाही, कारण बहुतेक जपानी सोया सॉसमध्येही गहू असतो. रश्श्यात मिठाचे प्रमाण बरेच असते. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी नूडल्स खाऊन रस्सा वाडग्यातच ठेवणे हितावह ठरते.

== प्रकार ==
तळलेले गोडसर तोफू वर ठेवल्यास 'कित्सुने उदोन' होते. तोक्यो परिसरात गडद, तर ओसाका परिसरात फिकट सोया सॉस वापरण्याचा प्रघात आहे. फिकट सॉस रंगाने सौम्य असला, तरी अधिक खारट असतो.