हातकुऱ्हाड कोणाची?

नाशिकचा इतिहास पंचवटीपासून किंवा पांडवलेण्यांपासून सांगायची आपली सवय. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी तो काही लाख वर्षे मागे नेला. गंगापूर परिसरात गोदावरीने रचलेल्या वाळू-गोट्यांच्या घट्ट थरांतून त्यांना दगडी हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळाल्या, आणि १९५२ मध्ये त्यांनी गोदावरीकाठच्या या अश्मयुगीन हत्यारांवर पुस्तक प्रसिद्ध केले. हातकुऱ्हाड म्हणजे दोन्ही बाजूंनी कपचे काढून धार आणलेला, एका टोकाला निमुळता दगड. तिने हाड फुटते, कातडे सोलता येते, लाकूड तासता येते आणि कंदही उकरता येतो.

पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत मात्र ती बहुतेक वेळा दाढीवाल्या पुरुषाच्या मुठीत दिसते. बाई मागे, गुहेच्या तोंडाशी, कडेवर पोर घेऊन. चित्रकाराला हे सांगितले कोणी? दगडावर तो घडवणाऱ्याचे लिंग लिहिलेले नसते. हाडेही पटकन बोलत नाहीत. १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना भारतातली सर्वांत प्राचीन मानवी कवटी मिळाली. ती बहुधा स्त्रीची असावी, असे मत पुढे तिच्या अभ्यासकांनी मांडले.

शिकारी बापाची गोष्ट

चित्रामागे एक सिद्धांत आहे. १९६६ मध्ये शिकागोत शिकारी-संकलक समाजांवर मोठी परिषद भरली आणि १९६८ मध्ये तिचे पुस्तक आले. तिथे ठसठशीतपणे मांडला गेलेला विचार असा: शिकारीने माणूस घडवला. शिकारीसाठी हत्यारे आली, डावपेच आले, सहकार्य आले. पुरुष मांस आणायचा, बाई मुले सांभाळायची, आणि या देवाणघेवाणीतून कुटुंब जन्माला आले.

यातला काही भाग पक्का आहे. माणसाचे मूल फार काळ परावलंबी असते. भटक्या संकलक समाजांत आई त्याला दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक, अंगावर पाजते. अशा बाईला दिवसभर जनावराच्या मागावर धावणे परवडत नाही. मानवशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्राउन यांनी १९७० मध्ये हेच नेमके मांडले. बाईच्या वाट्याला सहसा अशी कामे येतात, जी मध्येच थांबवता येतात, फार धोक्याची नसतात आणि पोर जवळ ठेवून करता येतात. ताकदीपेक्षा मूल हे कामवाटपाचे मोठे कारण ठरते.

पण त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी कलहारीतल्या कुंग लोकांची आकडेवारी ठेवली आणि गोष्टीला तडा गेला. तिथले निम्म्याहून बरेच जास्त अन्न वनस्पतींचे होते आणि ते गोळा करण्यात बायकांचा वाटा मोठा होता. शिकार कधी मिळे, कधी नाही. कंद आणि बिया रोज मिळत. सॅली स्लोकम यांनी १९७० च्या दशकात विचारले की, पहिले साधन भाला कशावरून? मूल बांधायची झोळी आणि कंद ठेवायची टोपली का नसेल? झोळी आणि टोपली कुजतात, दगड टिकतो. टिकले तेवढेच संग्रहालयात पोचते, आणि त्यातच इतिहास शोधला जातो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरांत पावसाळ्याच्या तोंडाला रानभाज्या आणि कंद ओळखून आणणाऱ्या कोकणा, वारली, महादेव कोळी बायका पाहिल्या की स्लोकम यांचा प्रश्न पटतो. कोणता कंद उकळून पाणी टाकून खायचा आणि कोणता तसाच भाजायचा, हे ज्ञान चुकले तर जिवावर बेतते. मात्र आजचे आदिवासी म्हणजे अश्मयुगाचे उरलेले नमुने नव्हेत. त्यांनाही आपल्याइतकाच इतिहास आहे. तुलना कामाच्या स्वरूपाची, माणसांची नाही.

टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स यांना आणखी एक गोष्ट दिसली. नवे बाळ आले की आईची अन्न गोळा करण्याची गती मंदावते, तेव्हा मोठ्या पोरांचे पोट आजी भरते. बाईचे आयुष्य पाळी गेल्यानंतरही दशकानुदशके का चालते, याचे उत्तर त्यांनी या आजीत शोधले. माणूस घडवण्याचे श्रेय शिकाऱ्याबरोबर आजीलाही द्यावे लागेल.

भाला धरणाऱ्या बायका

मग बायका शिकार करतच नव्हत्या का? फिलिपिन्समधल्या आगटा बायका धनुष्यबाण आणि कुत्री घेऊन रानडुकरे व हरणे मारतात, हे विसाव्या शतकातच नोंदले गेले आहे. पेरूच्या अँडीज पर्वतात २०१८ मध्ये सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन मिळाले. सोबत दगडी भालाग्रांसह शिकारीचा पूर्ण संच होता. दातांतल्या प्रथिनांवरून कळले की ती १७ ते १९ वर्षांची मुलगी होती. रँडल हास यांच्या गटाने हे २०२० मध्ये प्रसिद्ध केले.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नये. २०२३ मध्ये एका शोधनिबंधाने ६३ समाजांपैकी ७९ टक्के समाजांत बायका शिकार करतात, असा आकडा दिला. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी इतर अभ्यासकांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि निवडीतली व वर्गवारीतली ढिलाई दाखवली. मर्डॉक आणि प्रोव्होस्ट यांनी १९७३ मध्ये १८५ समाजांतली पन्नास कामे तपासली होती. मोठ्या जनावरांची शिकार आणि धातू वितळवणे जवळपास सगळीकडे पुरुषांकडे होते. विणकाम, मडकी घडवणे, पेरणी ही कामे मात्र एका समाजात पुरुषाची, तर दुसऱ्यात बाईची. थोडक्यात, कल आहेत. पण बहुतेक कामांना जगभर लागू होणारा नियम नाही.

नांगर आला

महाराष्ट्रातली पहिली खेडी ताम्रपाषाण युगातली. १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेरजवळचे जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वेच्या नावाने एक संस्कृतीच ओळखली जाऊ लागली. तिचे सर्वांत तपशीलवार चित्र घोडनदीकाठच्या इनामगावात मिळाले. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने खणले. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत स्त्रीमूर्ती पुरलेली होती. सोबत बिनमुंडक्याची आणखी एक स्त्रीमूर्ती आणि बैल. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घरात मात्र चार पायांच्या रांजणात पुरुष पुरलेला होता, आणि तो गावचा प्रमुख असावा, असे म. के. ढवळीकर यांचे अनुमान. जमिनीखाली देवी आणि गादीवर पुरुष. स्त्रीमूर्ती पुजल्या जातात म्हणून बाईच्या हाती सत्ता असते असे नाही, हे आपल्याला नवरात्र पाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

इनामगावजवळ वाळकी येथे हाडाच्या नांगराचा पुरावा मिळाल्याची नोंद आहे. नांगराचे महत्त्व अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये सांगितले. हाताने टोकण-खुरपण करायच्या शेतीत बाईचे श्रम कळीचे असतात. नांगराला मनगटाचा जोर लागतो, बैल आवरावे लागतात आणि पोर जवळ ठेवून ते होत नाही. पुरुष शेताचा धनी होतो, बाई दळण-कांडण-निंदणीत अडकते. पहिल्या प्रकारच्या शेतीत वरपक्ष मुलीसाठी देज देतो, दुसऱ्यात मुलीचा बाप हुंडा देतो, हेही त्यांनी जोडून दाखवले. नाशिक जिल्ह्यात देजाची चाल पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात आणि हुंडा पूर्वेच्या पट्ट्यात का, याचा विचार या अंगानेही व्हायला हवा. २०१३ मध्ये अलेसिना, जुलियानो आणि नन यांनी जगभरच्या आकडेवारीवरून दाखवले की, ज्यांच्या पूर्वजांनी नांगर धरला, त्या समाजांत आजही नोकरी-राजकारणात बायका तुलनेने कमी आहेत.

दळणाची खूण हाडांत उरते. सीरियातल्या अबू हुरेराच्या नवाश्मयुगीन बायकांच्या पायाच्या बोटांवर आणि गुडघ्यांवर तासन्‌तास वाकून दळल्याच्या खुणा आहेत. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडे तर आजच्या केंब्रिजच्या नौकापटू मुलींपेक्षा भक्कम निघाली. ‘नाजूक’ बाई निसर्गाने घडवलेली नाही.

चांदवडचे उत्तर

मग बाईचे हे दुय्यमपण आले कोठून? हाच प्रश्न नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला अधिवेशनात विचारला गेला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांची मांडणी अशी: शेतीत गरजेपेक्षा जास्त पिकू लागले, ते लुटायला टोळ्या आल्या, लढणारे पुरुष घडवावे लागले आणि त्या व्यवस्थेत बाई कोंडली गेली. पुरातत्त्वाने या मांडणीवर शिक्कामोर्तब केलेले नाही, पण तिची दिशा महत्त्वाची: गुलामीचे मूळ तिने शरीरात न शोधता इतिहासात शोधले. पुढे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’त शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करायला सांगितले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्याने दिला.

उत्क्रांतीने दिले ते एवढेच: दीर्घकाळ परावलंबी असणारे मूल, आणि ते वाढवायला आई, बाप, आजी अशा अनेकांची गरज. सातबारा कोणाच्या नावावर असावा, हे तिने ठरवलेले नाही. ते माणसांनी ठरवले, म्हणून माणसांना ते बदलताही येते.