१९६० : पडद्यावरच्या नवाबांचं वर्ष, आणि त्यात न दिसलेलं साताऱ्या-सांगलीचं घर

काही वर्षं कॅलेंडरवरून उतरतात, पण घरातल्या बोलण्यातून जात नाहीत. १९६० हे तसं वर्ष. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं. पहिले मुख्यमंत्री झाले कराडचे यशवंतराव चव्हाण. १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा काढलेला ‘दक्षिण सातारा’ जिल्हा याच वर्षी ‘सांगली’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आणि याच वर्षी हिंदी पडद्यावर एकापाठोपाठ एक असे तीन सिनेमे आले, ज्यांचे नायक-नायिका मुसलमान होते, बोली उर्दू होती आणि गाणी आजही लग्नघरात वाजतात : ‘मुघल-ए-आझम’, ‘चौदहवीं का चाँद’ आणि ‘बरसात की रात’.

फाळणीला तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती. इथल्या मुसलमानाकडे संशयाने बघणारी नजर गेली नव्हती. अशा काळात अख्ख्या देशाने मुसलमान घरातली माया, मैत्री आणि इश्क पैसे मोजून, रांगा लावून पाहिले. आपल्या आजी-आजोबांना या सिनेमांचं एवढं कौतुक का, ते यावरून कळतं. मात्र त्या पडद्यावर आपण किती होतो, हेही आता शांतपणे बघायला हवं.

तीन सिनेमे, तीन शहरं

‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झाला. के. आसिफ यांनी चाळीसच्या दशकात हाती घेतलेलं हे काम फाळणीत अडकलं. पैसे लावणारे पाकिस्तानात गेले, अकबराच्या भूमिकेसाठी घेतलेले चंद्रमोहन वारले. मग शापूरजी पालनजी यांनी पैसा उभा केला आणि पृथ्वीराज कपूर, दिलीपकुमार, मधुबाला, दुर्गा खोटे यांना घेऊन सगळं नव्याने सुरू झालं. मुंबईच्या मराठा मंदिरात त्याचा प्रीमियर झाला. या सिनेमासाठी देशभरातले कारागीर राबले. मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी घडवले, असं सांगितलं जातं. सिनेमाची कहाणी सांगतो तो खुद्द ‘हिंदुस्तान’. बादशहाच्या महालात जन्माष्टमीही साजरी होते. फाळणीनंतरच्या प्रेक्षकाला आसिफ काय सांगू पाहत होते, ते वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

‘चौदहवीं का चाँद’ लखनौचा. निर्माते गुरुदत्त, दिग्दर्शक एम. सादिक, गीतं शकील बदायुनींची, संगीत रवी यांचं. यातल्या शीर्षकगीतासाठी शकील आणि मोहम्मद रफी या दोघांनाही फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सिनेमा कृष्णधवल होता, पण हे गाणं नंतर रंगीत चित्रित करण्यात आलं.

‘बरसात की रात’चा नायक हैदराबादचा शायर. दिग्दर्शन पी. एल. संतोषी यांचं, गीतं साहिरची, संगीत रोशन यांचं. भारतभूषण आणि मधुबाला ही जोडी. यातल्या कव्वालीच्या मुकाबल्याने कव्वालीला दर्ग्याच्या अंगणातून थेट सिनेमाच्या तिकीटबारीवर आणलं. पुढे कित्येक वर्षं हिंदी सिनेमात कव्वाली हमखास असायची. तिच्यामागे या यशाचा मोठा वाटा आहे.

गळा सांगलीचा, कान मिरजेचे

हे सगळं उत्तरेचं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण संबंध आहे.

‘मुघल-ए-आझम’मध्ये अनारकलीचा आवाज झालेल्या लता मंगेशकरांचं बालपण सांगलीत गेलं. वडील मास्टर दीनानाथ यांनी तिथे नाटकाचा आणि नंतर सिनेमाचा संसार मांडला होता. आशा भोसले यांचा जन्मच सांगलीचा, १९३३ सालचा. ‘बरसात की रात’च्या कव्वाल्यांत त्यांचा आवाज ऐकू येतो.

लताबाईंच्या उमेदवारीच्या काळात दिलीपकुमार यांनी मराठी माणसाच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो, अशा अर्थाचा टोमणा मारला होता. लताबाईंना तो लागला. त्यांनी एका मौलानांकडे उर्दूचे धडे घेतले आणि उच्चार घोटून घेतले. म्हणजे ज्या उर्दूवर आपण १९६० मध्ये फिदा झालो, ती सांगलीत वाढलेल्या एका मराठी मुलीने मेहनतीने कमावलेली होती. भाषा कुणाच्या धर्माची मालमत्ता नसते, याचा यापेक्षा चांगला दाखला शोधूनही सापडायचा नाही.

आता मिरज. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गायन-वादनाची मैफल भरते. शिकलगार घराण्यांनी इथे सतार-तंबोरा घडवण्याचा हुन्नर पिढ्यान् पिढ्या जपला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘मुघल-ए-आझम’मध्ये तानसेनाच्या प्रसंगासाठी बडे गुलाम अली खाँ यांनी पार्श्वगायन केलं. त्यासाठी त्यांना गाण्यामागे २५,००० रुपये दिले गेले, असं सांगितलं जातं. उरुसात उस्तादांची हजेरी ऐकलेल्या मिरजकराला तो सूर परका वाटायचं कारणच नव्हतं.

सिनेमा म्हणजे इतिहास नव्हे

आजची मुलं अकबर बादशहाला पुस्तकाआधी मोबाईलवर भेटतात. मुघलांच्या नावावरून रोज वाद होत असताना, काय खरं आणि काय रचलेलं, हे घरात माहीत असायला हवं.

सलीमने बापाविरुद्ध बंड केलं, हे खरं. १६०० च्या सुमारास त्याने अलाहाबादला स्वतंत्र दरबार थाटला होता. पण भांडण तख्ताचं होतं, कनीजचं नव्हतं. अनारकलीची दंतकथा जुनी, लाहोरच्या एका मकबऱ्याशी जोडलेली. अकबराच्या दरबारी इतिहासात तिचा उल्लेख नाही. आज आपल्याला माहीत असलेली गोष्ट मुख्यतः इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या ‘अनारकली’ नाटकातून आली. ‘जोधाबाई’ हे नावही तसंच. सलीमची आई अंबरच्या राजघराण्यातली होती आणि तिचा किताब मरियम-उज-जमानी असा होता. ‘अकबरनामा’त तिला जोधाबाई म्हटलेलं नाही.

यामुळे सिनेमा लहान होत नाही. तो नाटक म्हणून मोठाच आहे. फक्त शाळेच्या पेपरात किंवा व्हॉट्सअॅपच्या वादात त्याचा पुरावा देऊ नये, आणि समोरच्याने दिला तर मानूही नये.

‘चौदहवीं का चाँद’ मुलींसोबत पाहताना आणखी एक बोलायला हवं. गोष्ट अशी : नवाब एका मुलीची झलक बघतो आणि वेडा होतो. नकाबाच्या अदलाबदलीने घोळ होतो आणि तीच जमीला त्याच्या जिवलग दोस्ताची, अस्लमची, बायको होते. हे कळल्यावर अस्लम दोस्तीखातर बायकोपासून दूर व्हायला निघतो. प्रेक्षक हळहळतात. पण जमीलाला काय हवं, हे कोणी विचारतच नाही. आपल्याकडे निकाहात मुलीची कबुली लागते, तिच्या होकाराशिवाय पुढे जाता येत नाही. मग दोन दोस्तांनी तिच्याबद्दल परस्पर ठरवणं, ही तहजीब कशी? गाणं सुंदर आहे म्हणून हा सवाल सोडून द्यायचं कारण नाही.

आपलं घर कुठे होतं?

या तिन्ही सिनेमांत महाल आहे, हवेली आहे, मुशायरा आहे. साताऱ्या-सांगलीतला मुसलमान मात्र कुठेच नाही. बागवानाची फळाची गाडी नाही, पिंजाऱ्याची कमान नाही, अत्तारांचं दुकान नाही, मुलाण्याचं शेत नाही. गल्लीत मराठी आणि चुलीपाशी दखनी बोलणारी अम्मा नाही.

भाषेचंच बघा. ‘बरसात की रात’चा शायर नावाने हैदराबादी, पण बोलतो ते साफ उत्तरेचं उर्दू. ‘हमना’, ‘तुमना’, ‘नक्को’ ही आपली दखनी हिंदी पडद्यावर गाजली ती १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये, मेहमूद यांच्या तोंडी, हसवण्यासाठी. म्हणजे इश्क करायचा तर लखनवी जबान आणि विनोद करायचा तर दखनी. घरात दखनी बोलायला लाजणारी पोरं तयार झाली, त्यात या सवयीचाही हात आहे.

मराठी सिनेमात तरी जागा होती का? १९६० मध्येच ‘जगाच्या पाठीवर’ आला. राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, सुधीर फडके यांचं संगीत आणि गीतं ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळेत जन्मलेल्या गदिमांची. आपल्या लोकांनी तोही मनापासून पाहिला, त्याची गाणी गुणगुणली. पण मराठी बोलणारं मुसलमान कुटुंब गोष्टीच्या मधोमध असलेला मराठी सिनेमा त्या काळात शोधावाच लागतो. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी रान पेटवलं आणि मराठी पडद्यावर भूमिकाही केल्या. माणूस होता, त्याच्या घराची गोष्ट मात्र पडद्यावर आली नाही.

याची फेड एका अर्थाने शहजादा सलीमनेच केली. दिलीपकुमार म्हणजे युसूफ खान यांचे वडील फळांचे व्यापारी, आपल्याकडच्या बागवानांचाच धंदा. काही वर्षं कुटुंब नाशिकजवळ देवळालीत राहिलं. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीत दिलीपकुमार उतरले, सभांना गेले आणि बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन यांच्यासारख्या कष्टकरी बिरादऱ्यांना मागासवर्गीयांच्या सवलती मिळाव्यात म्हणून बोलले. ओबीसीच्या दाखल्यावर कॉलेजात गेलेल्या आपल्या पोरांना सलीम ठाऊक असतो, चळवळीतले युसूफसाहेब ठाऊक नसतात. ते सांगायला हवं.

आता काय करता येईल

हे सिनेमे पुन्हा बघा. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन परत आला, पण जमलं तर मूळचा बघा. त्यात शीशमहालाचं गाणं अचानक रंगीत होतं, तेव्हा तंबूतल्या आणि थिएटरातल्या लोकांचं काय झालं असेल, ते मग कळेल.

आणि त्याहून जरुरीचं म्हणजे, १९६० मध्ये पंधरा वर्षांची असलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. दादी-नानीला विचारा : सिनेमा कुठे पाहिला? घरून परवानगी कशी मिळाली? सोबत कोण होतं? तिकिटाचे पैसे कुणी दिले? त्या सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांच्याच दखनीत, दुरुस्त न करता. पडद्याने आपल्या घराची नोंद ठेवली नाही. ती नोंद अजून या माणसांच्या तोंडात आहे, आणि ती घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत.