बदाम-मधाची भट्टीतली करंजी

मैदा, तूप, साखर घरून न्यायची आणि बेकरीत आपल्या डोळ्यांदेखत नानकटाई भाजून आणायची, ही रीत नागपूरच्या अनेक वस्त्यांना ठाऊक आहे. त्याच भट्टीत करंजीही भाजता येते. दक्षिण इटलीत नाताळाला बदाम-मध भरलेली अशी बिस्किटे करतात. तळणाच्या तेलाचा खर्च वाचतो, हे आम्हा कारकुनांना आधी दिसते!

२ वाट्या मैद्याला अर्धी वाटी तूप चोळून दुधात घट्ट भिजवावे. खरी गोम सारणात आहे. नुसता मध भरला तर तो पातळ होऊन बाहेर येतो व पत्र्यावर जळतो. म्हणून वाटीभर बदामकुटात ४ चमचे मध घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतावे. मध साखरेपेक्षा लवकर करपतो. घरी ओव्हन असल्यास १७० अंशांवर २० मिनिटे पुरतात. बेकरीत पाव निघाल्यानंतरच्या उतरत्या आचेला पत्रा लावायला सांगावे.

मात्र भगिनींनो, वर्षाच्या आतील बाळाला हिचा तुकडाही देऊ नका. मधात क्वचित बोटुलिझमच्या जंतूंची बीजे असतात. ती या आचेने मरत नाहीत आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची पद्धतही याच कारणाने बंद करावी, आजीबाई रागावल्या तरी.