सुरकुतलेल्या त्वचेची निगा : तेल, उटणे आणि हाती बनवलेला साबण

थंडीची चाहूल लागली की ज्येष्ठ मंडळींची एक तक्रार माझ्या दवाखान्यात हमखास ऐकू येते : "डॉक्टर, अंगाला नुसती खाज सुटते. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." गेल्या हिवाळ्यात सत्त्याहत्तर वर्षांच्या एक आजी सुनेसह आल्या. दोन्ही नडग्या खाजवून ओरबाडलेल्या, एका ठिकाणची जखम चिघळलेली आणि त्यातच पंधरा वर्षांचा मधुमेह. सून कळवळून सांगत होती, "आईंना रसायनं नकोत म्हणून मी मुद्दाम हाती बनवलेला कडुनिंब-हळदीचा साबण आणला. खाज वाढली म्हणून आता दोन्ही वेळा त्याच साबणाने, चांगल्या कढत पाण्याने आंघोळ घालते."

त्या सुनेच्या मायेत काहीच उणे नव्हते. चूक झाली ती समजुतीत. ती जखम भरून यायला सात आठवडे लागले. खाज मात्र साबण बाजूला ठेवून तेल हाती घेतल्यावर दहा दिवसांत ओसरली. 'नैसर्गिक' या शब्दावर आपण सारेच विश्वासून असतो. म्हणून कोणते तेल, कोणती वनस्पती आणि कोणता साबण उतारवयातील त्वचेला मानवतो, हे आपणांस नीट सांगावे, असे वाटले.

उतारवयातील त्वचा

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. हा चुना शाबूत असेल तर आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचे जंतू बाहेर. वय वाढते तसे हे स्निग्ध द्रव्य कमी होते, तैलग्रंथींचा स्राव घटतो, त्वचा पातळ होते आणि तिचे वरचे व खालचे थर एकमेकांना पूर्वीसारखे घट्ट धरून राहत नाहीत. म्हणूनच आजोबांच्या हाताला पलंगाची कड नुसती घासली तरी साल निघते.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. साबण मात्र क्षारधर्मी, म्हणजे ९ ते १० पीएचचा. तरुण त्वचा आंघोळीनंतर काही तासांत आपले आम्लत्व परत मिळवते. वृद्ध त्वचेला त्यासाठी अधिक वेळ लागतो, आणि तोवर दुसऱ्या आंघोळीची वेळ झालेली असते.

साबण हाती बनवला म्हणून सौम्य होत नाही

साबण घरी बनवा वा कारखान्यात, मूळ क्रिया एकच. तेलाचा कॉस्टिक सोड्याशी संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. हाती बनवलेल्या साबणात हे ग्लिसरीन तसेच राहते आणि चांगले कारागीर थोडे तेल मुद्दाम जास्तीचे ठेवतात. हे गुण खरे आहेत. मात्र त्याचा क्षारधर्म जात नाही. सोड्याचे माप चुकले किंवा वडी घाईने विकली गेली तर ती त्वचा पोळूही शकते. थंड पद्धतीने केलेली वडी चार ते सहा आठवडे सुकवून, मुरवून मगच वापरायची असते. म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तेल कोणते, वडी केव्हा बनवली आणि सुगंध कशाचा?

तेल कोणते, यावर बरेच अवलंबून असते. निव्वळ खोबरेल तेलाच्या साबणाला भरपूर फेस येतो, पण तो त्वचेतील स्निग्धताही तितक्याच जोमाने ओढून घेतो. ऑलिव्ह तेलाच्या साबणाला फेस कमी. तो तुलनेने मवाळ असतो. म्हणजे अंगाला लावल्यावर गुणकारी ठरणारे खोबरेल तेल साबणात गेले की कोरडेपणा आणू शकते. साबण झाल्यावर ते तेल उरतच नाही, एवढे ध्यानात घेतले की हे कोडे सुटते.

बाजारातील वडी घेताना वेष्टनावरील 'टीएफएम' हा आकडा पाहावा. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट साबणात हे प्रमाण किमान ७६ टक्के असावे लागते. मात्र टीएफएम जास्त असला तरी साबण क्षारधर्मीच. अतिशय कोरड्या त्वचेसाठी साबणविरहित, पीएच ५.५ च्या जवळपासची, बिनवासाची वडी अधिक बरी. ती 'रसायनांची' असते हे खरे; पण कॉस्टिक सोडा हेही रसायनच आहे.

आता हळद आणि कडुनिंब. कपड्यावरील हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. हळदीवर क्षाराची क्रिया करूनच कुंकू बनते. साबणाच्या क्षारातही हळदीतील द्रव्य बदलते आणि टिकत नाही. शिवाय साबण अंगावर असतो जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात वनस्पतीचा गुण त्वचेत उतरावा, ही अपेक्षा फार झाली. जे धुऊन जाते त्यापेक्षा जे अंगावर राहते ते महत्त्वाचे.

तेल : केव्हा आणि कोणते

अभ्यंगाची आपली परंपरा जुनी आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येतच त्याला स्थान आहे. आधुनिक अभ्यासांतही तेलाची बाजू भक्कम दिसते. २००४ साली फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर घाण्याच्या शुद्ध खोबरेल तेलाची तुलना खनिज तेलाशी केली गेली. दोहोंनी त्वचा सारखीच सुधारली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील वृद्धनिवासांच्या अभ्यासात, हातापायांना दिवसातून दोनदा स्निग्ध मलम लावलेल्या वृद्धांमध्ये त्वचा फाटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. दोन वेळचे पाच-पाच मिनिटांचे काम, आणि जखमा निम्म्या!

सगळी तेले मात्र सारखी नव्हेत. ऑलिव्ह तेल थेट त्वचेवर चोळल्यास तिचे संरक्षक आवरण कमकुवत होते, तर सूर्यफुलाच्या तेलाने ते शाबूत राहते, असे २०१३ सालच्या एका अभ्यासात आढळले. मोहरीचे तेल काहींना झोंबते. ज्येष्ठांसाठी खोबरेल किंवा सूर्यफुलाचे साधे, बिनवासाचे तेल पुरेसे आहे. अनेक पिढ्यांच्या वापरातील तिळाचे तेल मानवत असेल तर तेही चालेल. तेलाने न भागल्यास पेट्रोलियम जेली स्वस्त आणि विश्वासाची.

आंघोळीपूर्वी तेल लावून नंतर ते साबणाने खरवडून काढले, तर फायदा बराचसा वाहून जातो. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकावी. साबण काख, जांघ आणि पावले एवढ्यापुरताच ठेवावा. हातापायांना आणि पाठीला नुसते पाणी पुरते. अंग पंचाने टिपावे, घासू नये. मग त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, दोन-तीन चमचे तेल हलक्या हाताने केसांच्या दिशेने लावावे. रात्री निजताना पुन्हा एकदा.

तेल न्हाणीघरात कदापि लावू नये. तेलकट फरशीवर पाय घसरून खुबा मोडणे, हे खाजेपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. खोलीत, खुर्चीवर बसवून तेल लावावे. तळपायांना सर्वांत शेवटी लावून ते पुसावेत, पायमोजे घालावेत आणि मगच उठू द्यावे. मधुमेही व्यक्तीच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नये. तेथे ओल राहून बुरशी वाढते. तेल मुरलेले कपडे झटकन पेट घेतात, म्हणून तेल लावल्यावर निरांजन-समईपासून अंतर राखावे.

वनौषधी : मान राखावा, भानही राखावे

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे उटणे कोणाला प्रिय नाही? नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन यांचा तो दरवळ आठवणींसकट येतो. तो आनंद ज्येष्ठांपासून हिरावू नये. मात्र भरड उटणे पातळ त्वचेवर घासले तर ती सोलवटते. ते वस्त्रगाळ करून, सायीत किंवा तेलात कालवून, लेपासारखे लावावे आणि पाण्याने अलगद काढावे. जखम, पुरळ वा ओरखडे असतील तेथे लावूच नये.

काही वनस्पतींविषयी अधिक सावध राहावे लागते. भेगांवर आणि दुखऱ्या टाचांवर बिब्बा लावण्याची रीत खेडोपाडी अजून आहे. बिब्बा उतला की कातडी कशी भाजते, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. मधुमेहाने पावले बधिर झालेल्या माणसाला ते भाजणे कळतही नाही आणि जखम हाडापर्यंत पोहोचू शकते. बावचीचे तेल लावून उन्हात बसल्यास फोड येतात. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यासही तसेच घडते. कोरफड कापल्यावर निथळणारा पिवळा चीक त्वचेला खाजरा ठरू शकतो. तो पूर्ण गळू द्यावा, पान धुवावे आणि मगच गर घ्यावा. कडुनिंबाचे तेल आणि कापूर घातलेले तेल नातवंडांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. ही दोन्ही पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात.

सुगंधी अर्कांमुळे, मग ते फुलांचे असोत की प्रयोगशाळेतले, ॲलर्जी होऊ शकते. वर्षानुवर्षे मानवलेली वस्तूही एके दिवशी खुपू लागते. म्हणून नवा साबण वा तेल आणल्यावर कोपराच्या आतील बाजूला एका ठराविक जागी सात दिवस लावून पाहावे. तेथे लाली, खाज वा पुरळ न उठल्यास पुढे जावे.

खाज केवळ कोरडेपणाची नसेल तर

दोन आठवडे नेमाने तेल लावूनही खाज न थांबल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचे विकार, लोहाची कमतरता, काही औषधे, हे सारे खाजेच्या रूपाने प्रकट होऊ शकते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत सुटणारी, घरातील इतरांनाही झालेली खाज बहुधा खरजेची. अंगावर पाणी भरलेले फोड येत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, वजन घटत असेल किंवा मधुमेहीच्या पायावर लहानशी जरी जखम असेल, तर दोन आठवडेही थांबू नये.

त्या सूनबाईंना मी शेवटी एवढेच सांगितले, की आईंना रोज तेल लावताना टाचा, माकडहाड, पाठ आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांखालून घालत जा. नवा डाग, लाल झालेली जागा, छोटी चीर याच वेळी दिसते, आणि वेळीच दिसली तर सात आठवड्यांची जखम सात दिवसांत बरी होते. दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, त्या नडगीची नव्हे, टाचेची नुकतीच पडलेली एक बारीक भेग दाखवायला. आजी हसून म्हणाल्या, "हिच्या नजरेतून आता काही सुटत नाही." ती भेग आठवड्याभरात मिटली.