सर्फस्केट घेताय? आधी ठरवा, तो चालवणार कुठे आणि कसा

जमिनीला पाय न टेकवता, कंबर आणि खांदे हेलकावत नागमोडी वळणं घेत जाणारी मुलंमुली रील्समध्ये सतत दिसतात. त्यांच्या पायाखाली असतो तो साधा स्केटबोर्ड नाही, सर्फस्केट असतो. रील पाहून तो मागवणारे बरेच जण रंग आणि डिझाइन बघून निवड करतात. मग बोर्ड एक तर पायाखालून सटकतो, नाही तर हवा तसा वळत नाही. दोन्ही प्रकारांत पैसे वाया जातात. पहिल्या प्रकारात मनगटही मोडू शकतं.

सर्फस्केट वेगळा कशामुळे?

चाकं ज्या धातूच्या भागाने फळीला, म्हणजे डेकला जोडलेली असतात त्याला ट्रक म्हणतात. साध्या स्केटबोर्डचे पुढचे-मागचे ट्रक सारखे असतात. सर्फस्केटमध्ये पुढचा ट्रक खूप जास्त वळतो आणि मागचा तुलनेने स्थिर राहतो. त्यामुळे वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाकत आणि खांदे वळवत राहिलं की बोर्ड स्वतःच वेग पकडतो. याला पंपिंग म्हणतात. लाटेवर सर्फर असाच वेग मिळवतो.

हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. स्केटबोर्डिंग १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सर्फरांमध्ये रुजलं. समुद्रात लाटा नसतील त्या दिवशी ते रस्त्यावर उतरत. १९९० च्या दशकात तिथल्याच व्हेनिसमध्ये ग्रेग फाल्क आणि नील कार्व्हर यांनी लाटेसारखं वळणारा पुढचा ट्रक बनवला आणि त्यातून ‘कार्व्हर’ ही कंपनी उभी राहिली. पुढे ऑस्ट्रेलियातली ‘स्मूथस्टार’ आणि स्पेनच्या बास्क भागातली ‘याऊ’ यांसारखे ब्रँड आले. कोरोनाकाळात समुद्रापासून दूरच्या शहरांतही हे बोर्ड पोहोचले. थायलंडमध्ये २०२१ च्या सुमारास तर त्याचं वेडच लागलं होतं.

पहिला निर्णय: ट्रक कोणता?

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

*स्प्रिंगचा ट्रक:* यात पुढचा भाग एका हातासारखा डावी-उजवीकडे झुलतो आणि स्प्रिंग त्याला परत मध्यभागी आणते. कार्व्हरचा ‘सी७’ हा याचा परिचित नमुना. वळणं खोल आणि मोकळी मिळतात, जागच्या जागी पंपिंग करता येतं. सर्फिंगच्या सरावासाठी हा प्रकार उत्तम. मात्र तो जड असतो, नवख्याला डळमळीत वाटतो आणि एका पायाने ढकलत सरळ जाणं त्यावर अवघड जातं.

*बिनस्प्रिंगचा ट्रक:* यात झुलणारा हात नसतो, रबरासारख्या बुशिंगच्या जोरावरच ट्रक वळतो. कार्व्हरचा ‘सीएक्स’ या प्रकारातला. तो हलका असतो, देखभाल कमी लागते, पाय मारत जाता येतं. वळण साध्या स्केटबोर्डपेक्षा बरंच जास्त, पण स्प्रिंगवाल्यापेक्षा कमी.

दुसरा निर्णय: लांबी किती?

दुकानदार बोर्डची एकूण लांबी सांगतात, पण खरा आकडा व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ट्रकमधल्या अंतराचा. नैसर्गिकपणे उभं राहिल्यावर दोन पावलांत जेवढं अंतर पडतं, त्याच्या जवळपासचा व्हीलबेस सोयीचा. पावलं साधारण ट्रकच्या वर यायला हवीत.

लहान मुलं आणि कमी उंचीच्या व्यक्तींना १५-१६ इंच, मध्यम उंचीला १६ ते १८ इंच आणि उंच व्यक्तींना त्याहून जास्त व्हीलबेस सहसा जमतो. कमी व्हीलबेसचा बोर्ड झटकन वळतो, जास्त असलेला रुंद आणि शांत वळणं घेतो.

तिसरा निर्णय: चाकं

चाकांच्या कडकपणाचा आकडा जितका कमी, तितकं चाक मऊ. सर्फस्केटची चाकं बहुधा ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाची आणि ७८ए च्या आसपासची असतात. ती रस्त्याला धरून राहतात आणि बारीक खडे सहन करतात. आपल्याकडच्या खडबडीत डांबरावर हीच बरी. खड्डा किंवा मोठा खडा मात्र कोणत्याही चाकाला अडवतो आणि चालवणारा पुढे फेकला जातो.

कोणासाठी काय?

• *सर्फिंग शिकणारे:* मुंबई-पुण्याहून गोव्याला वर्षातून चार दिवस जाऊन सर्फिंग शिकणाऱ्यांना उरलेले महिने जमिनीवर सराव करायचा असेल, तर स्प्रिंगचा ट्रक आणि स्वतःच्या पावलांना साजेसा व्हीलबेस.

• *सोसायटीत किंवा बागेत फिरणारे:* बिनस्प्रिंगचा ट्रक, मध्यम ते लांब व्हीलबेस. पहिलाच बोर्ड असेल तरी हाच सुरक्षित पर्याय.

• *स्केटपार्कमधल्या उतारांवर जाणारे:* बिनस्प्रिंगचा ट्रक, आखूड बोर्ड, मागे वर उचललेलं टोक आणि थोडी कडक चाकं.

• *रोज दोन-तीन किलोमीटर जाणारे:* सर्फस्केट घेऊच नये. सतत वळणारा पुढचा ट्रक पाय दमवतो. त्यांना लाँगबोर्ड बरा.

• *उड्या आणि ट्रिक्स करणारे:* साधा स्केटबोर्ड. सर्फस्केट त्यासाठी जड पडतो.

घेण्याआधी काय तपासावं?

शक्य असेल तर दुकानात मॅटवर बोर्ड ठेवून त्यावर उभं राहावं. पुढचा ट्रक एका बाजूला वाकवून सोडला की तो मध्यभागी परत यायला हवा. खडखड आवाज किंवा ढिलेपणा जाणवला तर तो बोर्ड नको. जुना घेताना बुशिंगला भेगा, डेकला चीर आणि बेअरिंगला गंज आहे का ते बघावं. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर बोर्ड नेल्यास बेअरिंग लवकर गंजतात आणि चाकंही घसरतात.

बजेट ठरवताना हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपर आणि गुडघ्याचे पॅड यांचा खर्च आधी बाजूला काढावा. सुरुवात सपाट आणि रिकाम्या जागेत, उदाहरणार्थ बास्केटबॉल कोर्टवर करावी. उतारावर अजिबात जाऊ नये. पुढचा ट्रक मोकळा असल्याने वेग वाढताच बोर्ड थरथरू लागतो आणि त्याला ब्रेक नसतो. वाहत्या रस्त्यावर तर तो चालवूच नये, भले रीलमध्ये कोणी तसं करताना दिसो.