दिवाळीचा किल्ला आणि पडका बुरूज

दिवाळी जवळ आली की आपल्या मराठी घरांच्या अंगणात किल्ले उभे राहू लागतात. गोणपाट भिजवावे, तांबडी माती कालवावी, दगडविटांच्या आधाराने डोंगर रचावा, त्यावर अळीव व मोहरी पेरावी आणि शेवटी बाजारातून आणलेली मातीची चित्रे मांडावीत, हा क्रम आमच्या नंदगडातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहिलो तरी हा किल्ला काही आपण सोडला नाही. तथापि, वाचकहो, आजवर आपण सर्वांनी जे किल्ले केले ते झाडून सारे अभंग! तट शाबूत, दरवाजा भक्कम, बुरुजावर निशाण. पडका किल्ला कोणी केलेला मी पाहिला नव्हता. तो करण्याचा प्रसंग आमच्यावर कसा आला व त्यातून आम्ही काय शिकलो, ते येथे सांगावयाचे आहे.

माझी नात इयत्ता आठवीत आहे. गल्लीतील किल्ल्यांच्या स्पर्धेसाठी तिने विषय निवडला तो १८२४ सालच्या कित्तूरच्या वेढ्याचा. नंदगडच्या मुलीला हा विषय सुचावा यात नवल नाही. कित्तूर आमच्यापासून फार दूर नाही. राणी चन्नम्मांचा निष्ठावंत शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिले गेले ते ह्याच नंदगडात. त्या स्थळी असलेल्या वडापाशी मराठी आणि कानडी दोन्ही भाषा बोलणारी माणसे सारख्याच भक्तीने हात जोडतात. इतिहास थोडक्यात असा : कित्तूरच्या गादीवरील दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. मग कंपनीने मोठी फौज व तोफा आणल्या आणि डिसेंबरात किल्ला पडला. राणी बैलहोंगल येथे कैदेत राहिल्या व १८२९ साली तेथेच निवर्तल्या.

नातीला ऑक्टोबरातील विजय नको होता, डिसेंबरातील पाडाव दाखवावयाचा होता. “आजोबा, सगळे जिंकल्याचाच किल्ला करतात. पण हरल्यावर काय झालं, ते कुणीच दाखवत नाही,” असे ती म्हणाली. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी, ऐन सणात पडकी वास्तू अंगणात नको, असे सुचवूनही पाहिले. परंतु पोरीचा हट्ट मला पटला. आम्ही कामाला लागलो.

ढिगारा काय सांगतो?

पहिल्या दिवशी आम्ही एक बुरूज केला, त्याला भगदाड पाडले व खाली मूठभर खडे टाकले. पाहणाऱ्यास वाटे की, कोणी तरी बुरुजाशेजारी खडे सांडले आहेत. चूक कोठे आहे हे प्रथम कळेना. मग मला आमच्याच घराची आठवण झाली.

२०१९ सालच्या ऑगस्टमधील अतिवृष्टी बेळगाव जिल्ह्यातील कोणीही विसरणार नाही. त्या पावसात आमच्या जुन्या घराचा मागील सोपा पडला. मातीच्या भिंतीचा पाया भिजून मऊ झाला, भिंत बाहेरच्या अंगाला फुगली व बसली आणि वरचे छप्पर त्या मातीवर एखाद्या छत्रीसारखे अलगद टेकले. खाली माती, वर वासे, त्यावर कौले. घराला आग लागली असती तर क्रम उलटा झाला असता : आधी छप्पर जळून आत कोसळले असते आणि भिंती मागाहून त्या कोळशावर पडल्या असत्या. तात्पर्य, ढिगारा म्हणजे नुसता राडारोडा नव्हे. वास्तू कशी पडली याची ती साक्ष असते, आणि थरांचा क्रम चुकला की साक्षही खोटी होते.

बुरुजाची गोष्ट आणखी निराळी. त्याला बाहेरून घडीव दगडांचे कवच असते आणि पोटात मुरूम, माती व डबर भरलेले असते. तोफेचे गोळे एकाच ठिकाणी बसत राहिले की आधी कवचाचे दगड निखळून पायथ्याशी पडतात. आधार गेल्यावर पोटातील भराव घसरतो व त्या दगडांना झाकून टाकतो. शेवटी वरच्या अंगाचे उरलेले चार दगड त्या मातीवर येऊन पडतात. असा जो उतार तयार होतो, त्याच्यावरून चढूनच हल्ला करणारे सैन्य आत शिरते. भिंत पडणे महत्त्वाचे खरे, परंतु तिच्या पडण्याने शत्रूसाठी पायवाट तयार होते, हे अधिक महत्त्वाचे. हे उमगल्यावर आमचा ढिगारा आपोआप योग्य आकार घेऊ लागला. सुटी माती व दगड साधारण ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतात. मोठे दगड गडगडत पायथ्याच्याही पुढे जातात, बारीक चुरा वर राहतो. शिवाय पडलेली भिंत उभ्या भिंतीपेक्षा अधिक जागा व्यापते, कारण दगडांमध्ये पोकळ्या राहतात. भगदाड केवढे आहे ते पाहावे आणि ढीग त्याहून अंमळ मोठाच करावा.

मापाचा हिशेब

आमच्या जवळची मातीची चित्रे पाच सेंटिमीटरांच्या आसपास होती. १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस ३५ पटींनी लहान केला तर ४.८ सेंटिमीटर होतो. परदेशी छांदिष्ट लोक लष्करी देखाव्यांसाठी पुष्कळदा हेच १ : ३५ माप वापरतात. एकदा हे प्रमाण धरले की सारे त्यात बसवावे लागते. ३५ सेंटिमीटर लांबीचा चिरा १ सेंटिमीटरचा होतो, २३ सेंटिमीटरची वीट साडेसहा मिलिमीटरची आणि १० सेंटिमीटर जाडीचा वासा जेमतेम ३ मिलिमीटरचा.

येथे एक गंमत झाली. आमच्या भागात जांभा दगड विपुल. खऱ्या जांभ्याचे तुकडे वापरले की काम खरे होईल असे आम्हाला वाटले, पण झाले उलट. जांभ्याची भोके त्या लहानशा तुकड्यावर एवढी मोठी दिसत की, तो चिरा न वाटता स्पंज वाटे. खरा दगडच खोटा ठरला! त्यापेक्षा खानापूरकडील भट्टीच्या विटेचा चुरा अधिक शोभला, कारण त्याचा कण बारीक असतो.

कृती

दगडांसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस घ्यावे. ते कालवण्याच्या पाण्यातच गेरू व थोडी काजळी मिसळावी, म्हणजे तुकडा फुटला तरी आतून पांढरा दिसत नाही. पत्र्याच्या पसरट झाकणात १ सेंटिमीटर जाडीची वडी ओतावी. वाळल्यावर निम्मी वडी सुरीने चौकोनी कापावी, तेच आपले घडीव चिरे. उरलेली निम्मी जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडावी. सगळेच तुकडे कापलेले असले तर ढीग खेळण्यातला दिसतो, सगळेच फोडलेले असले तर तो डोंगराचा कडा वाटतो. नंतर चुरा आधी रव्याच्या व मग पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून तीन प्रती वेगळ्या कराव्यात. ह्या चाळण्या पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. फोडताना व चाळताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. ते तेथेच घट्ट होऊन बसते.

वाशांसाठी खराट्याच्या काड्या उत्तम. त्या कात्रीने कापू नयेत, पिळून मोडाव्यात, म्हणजे टोकाला खऱ्या लाकडासारखे धसके निघतात. जळलेला वासा हवा असेल तर टोक क्षणभर ज्योतीवर धरावे, मात्र हे काम मोठ्या माणसानेच करावे.

कौलांपाशी आम्ही फसता फसता वाचलो. नातीने पुठ्ठ्याची चपटी मंगळुरी कौले कापून तयार ठेवली होती. मंगळुरास बाझेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ साली. १८२४ च्या कित्तुरात ती कौले येणार कोठून? मग आम्ही जुन्या पद्धतीची नळीची कौले केली : पातळ कागद खळीत भिजवून ३ मिलिमीटर जाडीच्या विणकामाच्या सुईवर गुंडाळला, वाळल्यावर लांबीतून दोन भाग केले व गेरूने रंगविले. सिमेंटचेही तसेच. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने घेतले ते २१ ऑक्टोबर १८२४ रोजी, म्हणजे कित्तूरच्या लढाईच्या बरोबर दोन दिवस आधी. तेव्हा आमच्या ढिगाऱ्यात सिमेंटचा करडा रंग येता कामा नये. तेथे चुन्याचा पिवळसर पांढरा रंगच हवा.

मांडणी आधी कोरडीच करावी. ढिगाच्या पोटात थर्माकोलचा तुकडा ठेवला म्हणजे वजन वाढत नाही. त्यावर कवचाचे दगड, मग भराव, मग पुन्हा मोजके दगड असे क्रमाने घालावे. माल हाताने लावू नये, चमच्याने वरून सोडावा व जेथे पडेल तेथे पडू द्यावा. मनासारखे झाले की साबणाचा एखादा थेंब घातलेले पाणी बारीक फवाऱ्याने शिंपडावे आणि एक भाग फेव्हिकॉल व तीन भाग पाणी यांचे मिश्रण थेंबाथेंबाने सोडावे. साबणामुळे ते चुऱ्याच्या आत मुरते, नाही तर वरच गोळ्या होतात. एक दिवस हात लावू नये.

शेवटी धूळ. भिंत पडते तेव्हा धुळीला आपपर नसते, ती दगडावर, पानावर, माणसाच्या पागोट्यावर सारखीच बसते. चाळलेली माती व किंचित चुना यांची पूड कोरड्या कुंचल्याने सर्वत्र झटकली आणि सुटे सुटे दिसणारे सारे एकाएकी एकजीव झाले. प्रसंग डिसेंबरातला असल्याने शेवाळ व हिरवळ आम्ही कटाक्षाने टाळली. आज कित्तूरचे अवशेष पाहताना जे गवत व जी झुडपे दिसतात, ती तोफांची नव्हेत, त्यानंतरच्या दोनशे पावसाळ्यांची करणी आहे.

सत्याची किंमत

असल्या कामाला कोणी पोरखेळ म्हणेल. परंतु विल्यम सायबोर्न नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्यासाठी १८३० साली त्या रणभूमीवरील एका शेतघरात आठ महिने मुक्काम ठोकला आणि जमिनीची बारकाईने मोजणी केली. सत्तर हजारांहून अधिक इवलेसे सैनिक असलेली ती प्रतिकृती १८३८ साली लंडनमध्ये लोकांस दाखविण्यात आली व आज ती तेथील राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. त्याने प्रशियन फौजा जेथे व जेवढ्या दाखविल्या, ते खुद्द सेनापती वेलिंग्टनला रुचले नाही, आणि पुढे सायबोर्नला त्यांतील पुष्कळ शिपाई काढावे लागले. विजयाचे श्रेय कोणाचे, हा वाद त्या कथलाच्या बाहुल्यांवरून पेटला होता. लहान प्रतिकृतीतही खरे दाखविणे किती अवघड असते, ते यावरून ध्यानात यावे.

आईचा आक्षेप

आमचे काम पुरे झाले त्या संध्याकाळी माझी आई काठी टेकत अंगणात आली. तिने नव्वदी गाठली आहे. २०१९ साली सोपा पडला तेव्हा ती घरातच होती. ती बराच वेळ त्या ढिगाऱ्याकडे पाहत राहिली. बुरुजाला लागून आम्ही पहारेकऱ्यांचे एक जळके घरही केले होते, त्याच्याकडे बोट करून नातीला म्हणाली, “सगळे दगडच काय गं? घर पडलं की माणसं पहिल्यांदा भांडी हुडकतात.”

“तू काय हुडकलंस, पणजी?” नातीने विचारले.

“वरवंटा. पाटा फुटला होता. वरवंटा तेवढा सापडला. माझ्या सासूबाईंचा तो.”

तो वरवंटा आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे. तो मिळाला त्या दिवशी आईने तो पदराने पुसला होता, हे मी पाहिले होते. त्याचे कारण मात्र मी कधी विचारले नव्हते.

नात काही न बोलता आत गेली. पाटीवरची पेन्सिल घेऊन तिने तिचा आठ मिलिमीटरचा तुकडा तोडला, दोन्ही टोके घासून गोल केली आणि कौलांच्या चुऱ्यात, अर्धा दिसेल असा, ठेवला. शेजारी एक दुभंगलेला पाटा ठेवला. त्यावरही तिने धूळ झटकली. तोवर आमचा देखावा लढाईचा होता. त्या दोन तुकड्यांनी तो माणसांचा झाला.

स्पर्धेत पहिला क्रमांक एका कारंजे उडविणाऱ्या किल्ल्याला मिळाला आणि तो होताही देखणा. आमच्या अंगणात मात्र मुले येत, आधी तोफा मोजत, मग खाली वाकून विचारीत, “तो काळा तुकडा कशाचा?” त्याचे उत्तर देण्याचे काम आईने आपणहून पत्करले होते. पाडव्यापर्यंत ती रोज सायंकाळी तेथे खुर्ची टाकून बसे.

वाचकहो, यंदा आपल्या घरी किल्ला होईल तेव्हा निशाण अवश्य लावा. पण एखादा बुरूज पडकाही ठेवून पाहा आणि तो कसा पडला असेल, आत कोण राहत असेल, हे मुलांना विचारा. दगड कसे फोडावेत ते मी सांगितले आहेच, त्यांच्याखाली काय ठेवावे ते घरातील वडील मंडळींना विचारावे.